शब्दाला जागलेला संगीतकार

थोरामोठ्यांचे स्मरण करण्याची आपल्या समाजाची एक ठरून गेलेली रीत आहे. जयंती येते, तसबिरीला हार पडतो, दोन भाषणे होतात, आणि वर्षभरासाठी तसबीर पुन्हा भिंतीवर जाते. राजकारणी पुरुषाचे यात फारसे बिघडत नाही. त्याचे कार्य इतिहासात नोंदलेले असते. कलावंताची मात्र या रीतीने मोठी हानी होते. त्याचे कार्य ऐकल्याशिवाय, पाहिल्याशिवाय जिवंतच राहत नाही. सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांच्याबाबतीत नेमके हेच घडत आहे, आणि ते अपरिचितांकडून नव्हे, त्यांना आपले मानणाऱ्यांकडूनच घडत आहे.

२०१९ साली बाबूजींची जन्मशताब्दी झाली. १ मे २०२४ रोजी 'स्वरगंधर्व सुधीर फडके' हा त्यांच्या जीवनावरील चित्रपट प्रदर्शित झाला. योगेश देशपांडे यांनी तो दिग्दर्शित केला आणि सुनील बर्वे यांनी बाबूजींची भूमिका केली. या दोन्ही निमित्तांनी त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले गेले. ते स्वयंसेवक होते, दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरले होते, सावरकरांवरील चित्रपटासाठी त्यांनी आयुष्याची अखेर वेचली, हे सारे पुन्हा पुन्हा सांगितले गेले, आणि ते सांगायलाच हवे. परंतु ज्या गुणामुळे हा माणूस घराघरात पोहोचला, त्या संगीताविषयी 'अवीट गोडी' या दोन शब्दांपलीकडे आपण कितीसे गेलो? गीतरामायणातली दहा गाणी सोडली, तर त्यांच्या चित्रपटसंगीताचा परिचय आपल्या तरुण कार्यकर्त्यांना कितपत आहे? बाबूजींची पूजा झाली. त्यांना ऐकायचे राहून गेले.

खडतर वाट

२५ जुलै १९१९ रोजी कोल्हापूर येथे जन्मलेल्या रामचंद्र विनायक फडके या मुलाचे बालपण सुखाचे नव्हते. आईचे छत्र लवकर हरपले, घरची परिस्थिती खालावली. वामनराव पाध्ये यांच्याकडे झालेले शास्त्रीय संगीताचे शिक्षण एवढीच काय ती पुंजी. ती घेऊन हा तरुण मुंबईत आला, पुढे उत्तर हिंदुस्थानात पोटासाठी भटकत राहिला. मैफली करायच्या, मिळेल ते खायचे, मिळेल तेथे निजायचे, अशी ती वर्षे होती. 'जगाच्या पाठीवर' या अपूर्ण राहिलेल्या आत्मचरित्रात त्यांनी ही कहाणी कोणतीही तक्रार न करता सांगितली आहे. त्यांच्या स्वरात जो एक सोसलेपणा ऐकू येतो, त्याचे मूळ या वर्षांत शोधावे लागते.

१९४१ च्या सुमारास ते एचएमव्ही कंपनीत संगीतकार म्हणून रुजू झाले. १९४६ साली 'प्रभात'च्या 'गोकुळ'ने त्यांना चित्रपटाचे दार उघडून दिले, तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. पुढल्याच वर्षी 'आगे बढो' आला. १९४८ चा 'वंदे मातरम्' हा राम गबाले यांचा चित्रपट येथे मुद्दाम लक्षात घ्यावा. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यात पडद्यावर होते, गीते गदिमांची होती आणि संगीत बाबूजींचे. पु. ल., गदिमा आणि बाबूजी हे तिघेही १९१९ साली जन्मलेले. मराठी मनाची पुढील अर्धशतकाची अभिरुची ज्यांनी घडविली, ते तिघे समवयस्क स्वातंत्र्याच्या पहिल्याच वर्षात एका चित्रपटात एकत्र यावेत, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

त्यानंतर राजा परांजपे, गदिमा आणि बाबूजी हे त्रिकूट जमले. 'पुढचं पाऊल' (१९५०), 'लाखाची गोष्ट' (१९५२), 'पेडगावचे शहाणे' (१९५२), 'जगाच्या पाठीवर' (१९६०) अशी ही मालिका. तिच्या जोडीला 'सुवासिनी', 'प्रपंच' (दोन्ही १९६१), 'हा माझा मार्ग एकला' (१९६३), 'संत गोरा कुंभार' (१९६७), 'मुंबईचा जावई' आणि 'झाला महार पंढरीनाथ' (दोन्ही १९७०), 'आम्ही जातो अमुच्या गावा' (१९७२). मराठी-हिंदी मिळून शंभराच्या आसपास चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. एवढ्या मोठ्या कामातून त्यांची म्हणून एक शैली घडली. ती कशी होती, हा या लेखाचा खरा विषय.

आधी शब्द, मग स्वर

चित्रपटसंगीतात सर्वसाधारणपणे दोन मार्ग दिसतात. एकात चाल आधी बांधली जाते आणि कवीने तिच्या मापाचे शब्द पुरवायचे असतात. दुसऱ्यात कविता आधी येते आणि तिच्या पोटात दडलेली चाल संगीतकाराने शोधायची असते. बाबूजी मनाने दुसऱ्या मार्गाचे प्रवासी. गदिमांची कविता हाती आली की तिच्यातला नैसर्गिक चढउतार, बोलताना आपण जेथे थांबतो ती जागा, ज्या अक्षरावर आवाज आपोआप जड होतो ते अक्षर, या सगळ्याचा मान राखूनच त्यांची चाल पुढे सरकते. म्हणूनच त्यांचे गाणे प्रथम ऐकतानाच पाठ झाल्यासारखे वाटते. ते बोलण्यातून उगवलेले असते.

त्यांचे शब्दोच्चार हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. मराठीत 'च' आणि 'ज' या अक्षरांचे उच्चार दोन-दोन. 'चार' आणि 'चाक' यांतला 'च' एक नव्हे, 'जग' आणि 'जल' यांतला 'ज' एक नव्हे. बोलताना आपण हा भेद नकळत पाळतो. गाताना मात्र भलेभले तो विसरतात. बाबूजी कधीच विसरले नाहीत. 'श' आणि 'ष', 'न' आणि 'ण' यांतली सीमारेषा त्यांच्या गाण्यात स्पष्ट ऐकू येते. 'भ', 'ध', 'घ' ही महाप्राण अक्षरे ध्वनिक्षेपकावर फुटण्याची भीती असते. त्यांनी ती फुटूही दिली नाहीत आणि त्यांतला प्राणही काढून घेतला नाही. ध्वनिक्षेपक हे केवळ आवाज मोठा करणारे यंत्र नसून श्रोत्याच्या कानाशी बोलण्याचे साधन आहे, हे त्यांना फार लवकर उमगले. त्यामुळे त्यांच्या आवाजाला ओरडावे लागले नाही.

बालगंधर्व आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांची आराध्यदैवते. या दोघांकडून त्यांनी लालित्य घेतले, परंतु नक्कल कोठेही केली नाही. बालगंधर्वांचे गाणे रंगमंचाच्या ऐसपैस वेळेत फुलत असे. बाबूजींना साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेत तेच लालित्य बसवायचे होते. त्यासाठी त्यांनी दीर्घ तानेऐवजी छोटी मुरकी घेतली, आलापाऐवजी शब्दाच्या शेवटी एक हलकी मींड ठेवली. अलंकार मोजके असल्यामुळे प्रत्येकाला वजन आले.

वाद्यमेळाबाबतही हीच मितव्ययी वृत्ती. बासरी, सतार, व्हायोलिन, तबला यांच्यावर त्यांचे बहुतेक गाणे उभे राहते. दोन कडव्यांमधील संगीताचा तुकडा पुढच्या ओळीचा भाव तयार करून बाजूला सरतो. स्वतःचे प्रदर्शन मांडत नाही. प्रभाकर जोग यांच्यासारखा मर्मज्ञ व्हायोलिनवादक सहकारी त्यांना लाभला होता, तोही गाण्याच्या सेवेत राहून वाजविणारा. गायक, वादक आणि कवी यांनी एका दिशेला तोंड करून उभे राहावे, अशी ही शिस्त होती.

तीन उदाहरणे

विधानाला पुरावा हवा, म्हणून तीन गाण्यांकडे पाहू.

'जगाच्या पाठीवर' या चित्रपटातली नायिका अंध आहे. गदिमांनी तिच्या तोंडी पाहण्याचेच गाणे घातले आणि ते आशाबाईंनी गायिले. एखाद्या सामान्य संगीतकाराने येथे करुण रस ओतला असता. बाबूजींनी चाल प्रसन्न ठेवली. तिच्यात तक्रार नाही, याचना नाही. आनंदाने पाहत असल्याची ग्वाही आहे. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते ते या प्रसन्नतेमुळे. कारुण्य दाखविण्याऐवजी ते श्रोत्याच्या मनात उत्पन्न करायचे, हे त्यांचे सामर्थ्य.

'झाला महार पंढरीनाथ' मधील पंढरीच्या राजाचे गाणे दुसरे. ते बाबूजींनी डॉ. वसंतराव देशपांडे यांच्यासह गायिले. वसंतरावांचा गळा म्हणजे वादळ. कोठून उठेल आणि कोठे जाईल याचा नेम नाही. बाबूजींचा स्वर म्हणजे समईची ज्योत. संगीतकाराने स्वतः गात असताना दुसऱ्या गायकाला इतकी मोकळीक द्यावी आणि आपण साधेपणाने गावे, याला मोठे मन लागते. या गाण्यात दोघांच्या शैली एकमेकींना उठाव देतात, आणि विठ्ठलापुढे पंडित व सामान्य भक्त शेजारी उभे असल्याचा भास होतो.

तिसरे गाणे हिंदी आहे. 'भाभी की चूड़ियाँ' (१९६१) हा 'वहिनींच्या बांगड्या' या मराठी चित्रपटाचा हिंदी अवतार. त्यातले लताबाईंनी गायिलेले ज्योतिकलशाचे प्रभातगीत पंडित नरेंद्र शर्मा यांनी लिहिले. शब्द संस्कृतप्रचुर, एरवी हिंदी चित्रपटाला पेलवणार नाहीत असे. बाबूजींनी त्यांना भूपाच्या अंगाची पाच स्वरांची वाट दिली. सडासंमार्जन झालेल्या अंगणावर कोवळे ऊन पसरत जावे, तसे ते गीत पसरते. त्याआधी 'मालती माधव' (१९५१) मध्येही याच कवी-संगीतकार-गायिकेने असेच शुचिर्भूत गीत दिले होते. हिंदी चित्रपटात संस्कृतनिष्ठ भाषा लोकप्रिय होऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना ही दोन गाणी हे पुरेसे उत्तर आहे.

पहिली तारीख

याच संगीतकाराच्या भात्यात अगदी निराळा बाणही होता, आणि तो आमच्या परिसराच्या विशेष जिव्हाळ्याचा. १९५४ साली राजा नेने यांचा 'पहली तारीख' हा चित्रपट आला. त्यातले पगाराच्या दिवसाचे खट्याळ गाणे किशोरकुमारने गायिले. रेडिओ सिलोन दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते न चुकता लावीत असे, आणि चित्रपट विस्मरणात गेल्यावरही ही प्रथा दीर्घकाळ चालू राहिली. शहाडची सेंच्युरी रेयॉन, अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी, विमकोचा आगपेट्यांचा कारखाना अशा भोंग्यांवर ज्या पट्ट्याचे घड्याळ चालत होते, तेथे पगाराच्या दिवसाचे गाणे हा केवळ विनोद नव्हता. वाण्याची उधारी, मुलांची फी आणि गावाकडची मनीऑर्डर यांचा हिशेब त्या दिवशी व्हायचा. तो हिशेब हसतखेळत मांडणारा संगीतकार आणि गीतरामायणाला भूपाने आरंभ करणारा संगीतकार एकच, हे आज किती जणांना ठाऊक आहे? बाबूजींना केवळ सात्त्विकतेच्या चौकटीत बसविणाऱ्यांनी हे गाणे अवश्य ऐकावे. सात्त्विक माणूसही हसतो, आणि मनमुराद हसतो.

गीतरामायण : कीर्तीही आणि झाकोळही

१ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. आकाशवाणीचे सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द, बाबूजींचे संगीत. १९ एप्रिल १९५६ पर्यंत दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक, ललिता फडके अशा अनेक गायकांनी त्यांत स्वर मिसळला. रामाची गीते स्वतः बाबूजींनी गायिली. भूपाने आरंभ आणि भैरवीने शेवट, मध्ये वेगवेगळ्या रागांचा प्रवास. परंतु राग दाखविण्यासाठी एकही गीत नाही. भरताची समजूत घालणाऱ्या रामाच्या मुखी यमन आला, तो त्या उपदेशातली शांत, स्थिर भूमिका सांभाळण्यासाठी. आठवड्याला एक नवे गीत लिहून, बांधून, बसवून वेळेवर प्रसारित करण्याचा तो यज्ञ होता. कारखान्याची घाई आणि देवळाची एकाग्रता एकाच वेळी साधणे किती कठीण, हे निर्मितीचा अनुभव असलेलाच जाणेल.

गीतरामायणाने बाबूजींना अमर केले, यात संशय नाही. तथापि त्या प्रकाशात त्यांचे चित्रपटसंगीत झाकोळले गेले, हेही तितकेच खरे. वर्षानुवर्षे रामनवमीला तीच दहा-बारा गीते निवडली जातात. छप्पन्नांपैकी चाळीसच्या वर गीते अनेकांच्या कानांवरून कधी गेलेलीच नसतात. मग 'प्रपंच'मधले कुंभाराच्या चाकावरचे गीत कोण ऐकणार? 'मुंबईचा जावई'साठी रामदास कामत यांच्यासारख्या नाट्यसंगीतातल्या गायकाला चित्रपटाच्या पडद्यामागे उभे करून त्यांनी काय साधले, याचा विचार कोण करणार?

गृहस्थ, कार्यकर्ता आणि किंमत

बाबूजींच्या सामाजिक कार्याचा उल्लेख टाळून त्यांचे संगीत समजत नाही, कारण दोहोंच्या मुळाशी एकच वृत्ती आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या जोखडातून मुक्त झाले. त्या मोहिमेत राजाभाऊ वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे, नाना काजरेकर यांच्याबरोबर हा लोकप्रिय संगीतकारही होता. 'पहली तारीख' प्रदर्शित झाला तेच हे साल, आणि त्यानंतर आठ महिन्यांत गीतरामायण. पुढे गोवा मुक्त झाल्यावरही मोहन रानडे पोर्तुगालच्या तुरुंगात खितपत पडले होते; त्यांच्या सुटकेसाठी बाबूजींनी समिती उभारून पाठपुरावा केला, आणि १९६९ साली रानडे सुटले. ग्राहक पंचायतीच्या प्रारंभीच्या उभारणीत ते बिंदुमाधव जोशी यांच्या बरोबरीने राहिले. शेवटचा ध्यास सावरकरांवरील चित्रपटाचा. लोकवर्गणीतून, स्वतःच्या कार्यक्रमांच्या उत्पन्नातून, असंख्य अडचणींतून वाट काढीत, वेद राही यांनी दिग्दर्शित केलेला 'वीर सावरकर' १६ नोव्हेंबर २००१ रोजी प्रदर्शित झाला. बाबूजी तेव्हा ८२ वर्षांचे होते. २९ जुलै २००२ रोजी त्यांनी देह ठेवला.

हा त्याग वंदनीय आहे. परंतु त्याला वंदन करताना त्याची किंमतही आपण समजून घ्यावी, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. ज्या वर्षांत एखादा संगीतकार आपल्या अनुभवाच्या शिखरावर असतो, त्या वर्षांत बाबूजी निधीसाठी गावोगाव फिरत होते. तीन-तीन तास गाऊन मिळालेले पैसे चित्रपटाच्या खात्यात जात होते. त्या काळात किती चाली बांधायच्या राहिल्या असतील, याचा हिशेब कोणी मांडणार नाही. त्यांनी तो स्वेच्छेने सोसला, म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. जे राहून गेले त्याला इलाज नाही. जे झाले, तेही आपण ऐकणार नसू, तर त्या त्यागाचे ऋण आपण मानतो असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार काय?

त्यांच्यावर होणाऱ्या टीकेचीही येथे दखल घेतली पाहिजे. त्यांच्या चाली एकाच वळणाच्या असतात, हिंदीत त्यांना मोठे यश लाभले नाही, असे म्हटले जाते. पहिल्या आक्षेपात थोडे तथ्य आहे. यमन, भूप, भीमपलास यांच्या परिघात ते पुष्कळ रमले. पण 'जगाच्या पाठीवर'मधली गाणी आणि किशोरकुमारचे ते पगारगीत एका दमात ऐकले, तर एकसुरीपणाचा आरोप टिकत नाही. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर त्यांच्या निष्ठेतच आहे. हिंदी चित्रपटाचा व्यवहार साठीनंतर भव्य वाद्यमेळाकडे वळत गेला. बाबूजींनी शब्दाला दुय्यम करण्याचे नाकारले आणि त्याची किंमत मोजली. यशाची व्याख्या केवळ चित्रपटांच्या संख्येवरून करायची असेल, तर ते हिंदीत यशस्वी ठरले नाहीत, एवढे मान्य करावे.

छावणीच्या गावातून

हा लेख मी उल्हासनगरच्या कॅम्प २ मधून लिहीत आहे, आणि या जागेचा विषयाशी संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित बंधू उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या नगराची कोनशिला बसली आणि 'कल्याण कॅम्प'चे उल्हासनगर झाले. आकड्यांनी ओळखले जाणारे कॅम्प मात्र तसेच राहिले. भूमी सुटलेल्या समाजापाशी काय उरते? भाषा उरते, आणि भाषा सर्वांत अधिक काळ गाण्यात उरते. १९६७ साली सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. परंतु भारतात तिला स्वतःचे राज्य नाही. त्यामुळे १९५८ चा 'अबाणा' हा सिंधी चित्रपट आणि त्याला बुलो सी. रानी यांनी दिलेले संगीत यांचे मोल या समाजाला वेगळे वाटते. सिंधचाच सुपुत्र असलेल्या या संगीतकाराने 'जोगन' (१९५०) मध्ये गीता रॉय यांच्याकडून मीरेची भजने गाऊन घेतली होती. घर गेले तरी सूर बरोबर आला, याचे हे दाखले.

या गावात राहताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते. ज्या सिंधी बांधवांना मराठी उत्तम येते, त्यांना मराठी गाण्यांत बाबूजींचे गाणे विशेष आवडते. कारण विचारले तर उत्तर साधे असते : त्यांचे सगळे शब्द कळतात. परक्या भाषेच्या माणसालाही प्रत्येक अक्षर सुटे ऐकू येईल असे गाणे, ही भाषेची केवढी मोठी सेवा! गीतरामायणाचा अनुवाद हिंदी, गुजराती, कन्नड, संस्कृत अशा भाषांबरोबर सिंधीतही झाला आहे. रामकथेने दोन समाजांना जोडावे यात नवल नाही. एका मराठी संगीतकाराच्या स्पष्ट शब्दांनी हे काम सोपे केले, हे मात्र नोंदवून ठेवले पाहिजे.

उलट चित्र आमच्या मराठी घरांत दिसते. कल्याणपासून बदलापूरपर्यंत हौशी गायकांची मंडळे वाढली आहेत. यंत्रावर वाद्यमेळ तयार मिळतो, समोरच्या पडद्यावर शब्द सरकतात, तेही पुष्कळदा रोमन लिपीत. गाणाऱ्याला शब्द पाठ करावा लागत नाही, त्याचा अर्थ मनात मुरवावा लागत नाही. मग 'च' कोणता आणि 'ज' कोणता हे कोण ठरविणार? रोमन अक्षरांत 'न' आणि 'ण' एकच होतात. हौसेला माझा विरोध नाही. दिवसभर लोकलने थकून आलेल्या माणसाने गाऊन मन हलके केले, तर ते चांगलेच. पण बाबूजींचे गाणे अशा रीतीने गाणे म्हणजे मूर्ती नेऊन केवळ मखर पूजण्यासारखे आहे. आपल्या नातवंडांच्या तोंडची मराठी अशीच पडद्यावरून सरकत जाणार असेल, तर एक दिवस आपल्यालाही सिंधी बांधवांसारखे भाषेचे मोल हरवल्यावर शोधावे लागेल. त्यांच्यावर ती वेळ इतिहासाने आणली. आपल्यावर ती आपल्याच आळसाने येईल.

काय करता येईल?

करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्याला निधी लागत नाही. रामनवमीला तीच दहा गीते घेण्याऐवजी दर वर्षी न ऐकलेली चार गीते निवडावीत; काही वर्षांत छप्पन्नही गीते कानांवरून जातील. महिन्यातून एक सायंकाळ एखाद्या चित्रपटाच्या संगीतासाठी द्यावी : गाणी ऐकावीत, चित्रपटातला प्रसंग सांगावा, कविता आधी वाचावी. मुलांना गाणे शिकविताना पहिला दिवस केवळ शब्दांचा असावा; देवनागरीत लिहून, अर्थ समजून, स्पष्ट उच्चारून. चाल दुसऱ्या दिवशी. अशा सायंकाळी शेजारच्या सिंधी कुटुंबांनाही अगत्याने बोलवावे आणि त्यांचीही गाणी ऐकावीत.

आणखी एक काम तातडीचे आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची जुनी नायट्रेट रिळे मोठ्या संख्येने जळून गेली. 'प्रभात'चा अनमोल ठेवाही त्यात होता. सरकारी संग्रहही सुरक्षित नसतो, हा त्याचा धडा. आपल्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत पडलेल्या ध्वनिमुद्रिका, चित्रपटांच्या गाण्यांच्या छापील पुस्तिका, कार्यक्रमांच्या ध्वनिफिती रद्दीत जाण्यापूर्वी जाणकारांच्या हाती सोपवाव्यात. घर बदलताना, इमारतीचा पुनर्विकास होताना सर्वांत आधी याच वस्तू टाकल्या जातात.

बाबूजींचे सुपुत्र श्रीधर फडके यांनी संगीतकार म्हणून स्वतःची वाट निर्माण करतानाही शब्दाचा हा मान जपला आहे. वारसा रक्ताने मिळतो तसा श्रवणानेही मिळतो, आणि श्रवणाने मिळणारा वारसा सर्वांसाठी खुला आहे. त्यासाठी कोणाच्या घराण्यात जन्मावे लागत नाही. कान द्यावा लागतो.

ज्याने देशासाठी आपले गाणे बाजूला ठेवण्याची तयारी दाखविली, त्याचे गाणे समाजाने बाजूला पडू देऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. येत्या २५ जुलैला तसबिरीला हार अवश्य घालावा. त्यानंतर भाषण न करता 'जगाच्या पाठीवर'ची गाणी लावावीत आणि सर्वांनी शांत बसून ती शेवटपर्यंत ऐकावीत.